आधी उमर्टीच्या भट्ट्यांचे बोला



२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन भारताच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २००७ साली जाहीर केला. ५ मार्चला निःशस्त्रीकरण जागृती दिन असतो, २१ सप्टेंबरला शांतता दिन. हे दिवस पाळावेतच. अण्वस्त्रमुक्त जगाची भारताची भूमिकाही मला मोलाची वाटते. पण चोपड्यात राहणाऱ्या माणसाला शस्त्र म्हटले की आधी उमर्टी आठवते.

चोपडा तालुक्यातल्या सत्रासेनच्या पुढे, सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीत गावठी कट्टे बनतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा, कानस आणि भट्टी एवढ्यावर तिथला कारागीर पिस्तूल उभे करतो. ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी तर आता कोणी पुरती वाचतही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांवर हल्ला झाला, एका पोलिसाला पळवून नेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात थेट पुण्याच्या पोलिसांनी येऊन भट्ट्या फोडल्या. पुण्याच्या गुन्ह्यांचा माग इथवर येतो, यातच सगळे आले.

छापे हवेतच, कायदाही कडक आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्रे बनवणाऱ्याला ७ वर्षे ते जन्मठेप होऊ शकते. पण फोडलेली भट्टी पुन्हा रचायला वेळ लागत नाही, कारण तिच्यावर चूल पेटते. तिथले बरेच कारागीर शिकलगर आहेत, म्हणून सरसकट त्या समाजाला गुन्हेगार ठरवणे तर साफ अन्यायाचे. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवणारे हे हात आहेत. त्यांना लेथवर, शेती अवजारांच्या कारखान्यात रीतसर काम का मिळू नये?

हे स्वप्नरंजन नाही. विनोबा भावे १९६० साली चंबळच्या खोऱ्यात गेले, तेव्हा वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे शेकडोंनी ठेवल्या. १९७२ च्या शरणागतीमागे नुसता उपदेश नव्हता. फाशी होणार नाही, बायकापोरे उघड्यावर पडणार नाहीत, ही हमी आधी सरकारकडून मिळवली होती. शस्त्र खाली ठेवणाऱ्याच्या उद्याची सोय लावणे, याला मी निःशस्त्रीकरण म्हणतो.

म्हणून केंद्राने दोन्ही राज्यांना एकत्र बसवावे. ठरावीक मुदतीत हत्यारे व साचे जमा करणाऱ्यांना कायद्यात बसेल ती सवलत, प्रशिक्षण आणि पहिल्या वर्षाचे काम द्यावे. मुदतीनंतर जळगाव, धुळे, बडवानी पोलिसांचे कायमचे संयुक्त पथक नेमावे. आणि तपास कट्टा आणणाऱ्या विशीतल्या पोरावर थांबू नये. कट्टा मागवणारा, त्याचे पैसे मोजणारा शहरातला माणूसही आरोपी व्हावा. चोपडा आणि उमर्टी ज्यांच्या मतदारसंघांत येतात त्या रावेर आणि खरगोनच्या खासदारांनी मिळून हा प्रश्न संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)