मुरवलेली कॉफी की ओतलेली?

आधीच सांगून टाकतो, आमचं जेऊर हे चहाचं गाव. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, करमाळ्याला जायचं तर जिथे उतरायचं ते स्टेशन. इथे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारत नाहीत, चहा समोर आणूनच ठेवतात. कॉफी म्हणजे दुधातली, जायफळ किसून घातलेली, आणि तीसुद्धा रात्री जागरण असेल किंवा खास कुणी आलं असेल तर.

अशा घरात मी पुण्याहून व्ही-६० घेऊन गेलो. (हसा, मीही आता हसतो.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्ही-६० हे हारिओ या जपानी कंपनीचं नरसाळं. ६० अंशांचा कोन, आतून गोल फिरत जाणारे उंचवटे आणि तळाला एकच मोठं भोक. त्यात कागदी फिल्टर, फिल्टरमध्ये दळलेली कॉफी, आणि वरून बारीक चोचीच्या किटलीने गोल गोल धार सोडायची. मूळ कल्पना जुनीच. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टिपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळली, तिथून कागदी फिल्टर सुरू झाला.

तर मी ओट्यावर वजनकाटा, किटली, हाताने फिरवायचा ग्राइंडर, असा सगळा संसार मांडला. आई म्हणाली, "एका कपासाठी एवढा कुटाणा?" कॉफी छान झाली. अण्णांना चक्क आवडली, बिनदुधाची असून! दुसऱ्या दिवशी त्यांनी हौसेने किटली हातात घेतली आणि मी शेजारी उभा राहून सुरू झालो. "हळू... मध्ये ओता... कडेला नको... अहो थांबा, तीस सेकंद झाले नाहीत!" अण्णांनी किटली खाली ठेवली. म्हणाले, "राहू दे. तू आलास की पिऊ."

पुढच्या खेपेला गेलो तर व्ही-६० फडताळात, पुरणयंत्राच्या मागे.

त्यानंतर मी दोन पद्धतींचा जरा नीट विचार केला. कॉफी करायचे प्रकार पन्नास असतील, पण त्यामागची तत्त्वं दोनच. एक, कॉफी पाण्यात मुरू द्यायची आणि मग गाळायची. दोन, कॉफीतून पाणी झिरपू द्यायचं.

मुरवण्यात सगळी कॉफी सगळ्या पाण्यात एकाच वेळी भिजते. पाण्यात अर्क जसजसा वाढतो तसतसा विरघळण्याचा वेग आपोआप मंदावतो. म्हणून चार मिनिटांनी गाळा नाहीतर सहा, चवीत थोडा फरक पडेल, पण कॉफी फेकून द्यायची वेळ येत नाही. मध्येच दारात कुणी हाक मारली तरी चालतं.

झिरपण्याच्या पद्धतीत वरून सतत ताजं पाणी येतं आणि ते कॉफीतून ओढतच राहतं. पाणी आत किती वेळ थांबणार हे ठरतं दळण किती बारीक, धार किती जाड आणि ती कुठे पडते यावर. एका जागी धार जास्त पडली की पाणी तिथून वाट काढतं. तिथली कॉफी कडवट होते, बाकीची कच्ची राहते, आणि दोन्ही चवी एकाच कपात येतात. थोडक्यात, व्ही-६० मध्ये नळाची तोटी म्हणजे तुमचा हात.

पण झिरपणं म्हणजे कटकटच, असंही नाही. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी झिरपतच असतं. पण तिथे वर जाळीची चकती ठेवतात, दळण बारीक असतं, पाणी एकदा ओतून झाकण लावलं की माणूस अंघोळीला मोकळा. म्हणजे त्या घरांनी ओतणाऱ्याचा हात हिशेबातूनच काढून टाकला. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पुढच्या वेळी मी मुरवायचा ड्रिपर नेला, क्लेव्हर नावाचा, तैवानचा. दिसायला नरसाळंच, पण तळाला झडप. ओट्यावर ठेवलं की बंद, कपावर ठेवलं की उघडते. आईला पाच ओळी लिहून दिल्या: कागद लावून गरम पाण्याने धुवायचा. आधी २५० मिली उकळतं पाणी, मग १५ ग्रॅम कॉफी. हलवून झाकण ठेवायचं. तीन मिनिटं थांबायचं. कपावर ठेवायचं. बस. (पाणी आधी घातलं की खालचा कागद तुंबत नाही, लवकर गळते.)

आई म्हणाली, "हे तर चहा मुरवल्यासारखंच की." तेच तर!

आता व्ही-६० वाल्यांची बाजूही मांडतो, कारण पुण्यात रविवारी मी त्यातलाच. हलक्या भाजणीच्या कॉफीतला फळांसारखा आंबटपणा ओतलेल्या कॉफीत जास्त स्वच्छ लागतो. शिवाय चोथा त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी धरून ठेवतो. मुरवलेल्या कॉफीत ते पाणी कपातल्याइतकंच कडक असतं, म्हणजे तेवढा अर्क वाया. तितक्याच कॉफीत व्ही-६० थोडी दाट कॉफी देतो.

पण जेऊरात हा फायदा कितीसा उरतो? आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो. पाण्यातलं बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारतं. ज्या नाजूक आंबटपणासाठी एवढी धार सांभाळायची, तो कपात पोचायच्या आधीच संपलेला. तिथे मध्यम भाजणीची चिकमगळूरची कॉफी मुरवून केलेलीच बरी.

पण माझ्या लेखी निर्णायक मुद्दा चवीचा नाहीच. आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणून एक गोष्ट आहे. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर डिझाइन वाईट, तो माणूस कितीही हुशार असो. माझ्या व्ही-६० चा जेऊरमधला बस फॅक्टर एक होता. आणि कामाच्या ठिकाणी अशा माणसावर वैतागणारा मी, घरी स्वतःच तो माणूस होऊन बसलो होतो. वर अण्णांच्या हातातली किटलीही काढून घेतली.

म्हणून माझं मत: एकटे राहत असाल आणि ओतण्यात मजा येत असेल, तर व्ही-६० घ्या. घरात माणसं असतील तर मुरवायचा घ्या. निर्णय होत नसेल तर हारिओचाच स्विच आहे, तळाला स्टीलची गोळी असलेला. गोळी खाली तर मुरते, वर उचलली तर झिरपते. घरात जी गोष्ट एकालाच जमते ती त्याचा छंद असते, घराची होत नाही.

गेल्या शनिवारी पहाटेच्या गाडीने उतरून घरी पोचलो. अण्णा ओट्याशी उभे, ड्रिपरवर झाकण. मी वजनकाटा शोधायला लागलो तर म्हणाले, "चमच्याने घातली. बस तू."

किंचित कडक होती. मी काही बोललो नाही.