सेवा चालेल, पण नाव नको?

“मिशनवाल्यांनी शाळा काढाव्या, दवाखाने चालवावे, पण येशूचं नाव घेऊ नये. देश सेक्युलर आहे ना!” हे आपल्या इंदुरात चहाच्या टपरीवर ऐकू येतं आणि चांगल्या शिकलेल्या घरांतही. मला हे पटत नाही. धर्म नसावा तो सरकारला. नागरिकानं तोंडाला कुलूप लावावं, असं संविधान म्हणत नाही. कलम 25 मध्ये धर्म मानण्या-आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क स्पष्ट लिहिला आहे.

त्याला मर्यादाही आहे. आपल्याच मध्य प्रदेशातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात 1977 साली निकाल लागला की, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. औषधाच्या बदल्यात धर्म मागणं ही दुकानदारी झाली. ती कुणी करत असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही. पण सौदा वेगळा आणि बोलणं वेगळं.

जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मग मिशनचं काम वाया गेलं का?

आता जवळचं उदाहरण. सिस्टर राणी मारिया केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या. बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजना कोणत्या, हे त्यांना समजावायच्या. सावकारी पाशातून माणसं सुटू लागली आणि ज्यांचा धंदा बसला त्यांना ते खुपलं. फेब्रुवारी 1995 मध्ये इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भरदिवसा, प्रवाशांसमोर त्यांना भोसकून मारलं. पुढं त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. आता या बाईंना म्हणायचं का, की राखी बांधा, पण क्षमा कुणाकडून शिकलात ते सांगू नका?

योजना सरकार काढतं, ते त्याचं कामच. पण कागद घेऊन पाड्यावर कोण जाणार, अडाणी माणसाशेजारी बसून तो वाचून कोण दाखवणार? तिथं अजून माणसं कमी आहेत. आपल्यापैकी कुणी गेलं आणि “बाई, तुम्ही का येता?” असं विचारलं गेलं, तर खरं ते सांगावं. ऐकणाऱ्यानं “मला नको तुमचा देव” म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज भरायला जावं.