बिनापासिंगची ई-बाईक चोरीला गेली तर दाद कुठे मागायची?

विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आता तालुक्याच्या गावी मोठ्या शोरूमबरोबर सायकलच्या दुकानातही मिळू लागल्या आहेत. डेअरीला दूध घालायला, मळ्यात डबा पोचवायला गाडी सोयीची. पेट्रोलचा खर्च नाही. त्यात विक्रेता गिऱ्हाइकाला सांगतो, ‘ना लायसन, ना पासिंग, ना विमा.’ ऐकायला गोड वाटते. पण घेणाऱ्याची खरी अडचण याच तीन ‘ना’मध्ये आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन ठरलेल्या मर्यादेत असेल, तर बॅटरीची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. मात्र पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्य संस्थेने ते मॉडेल तपासलेले असावे लागते. ते प्रमाणपत्र दुकानात मागून पाहावे. याहून जोरात पळणाऱ्या गाडीला हिरवी नंबर प्लेट, लायसन, विमा सारे लागते.

घोळ होतो तो मधल्या गाड्यांचा. कागदावर २५ चा वेग, रस्त्यावर ४०-४५ चा. कुठे गाडी घेतल्यावर वेगाचा अटकाव काढून दिला जातो. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. अशी गाडी कायद्याने मोटार वाहनच ठरते, आणि तीही विनानोंदणी, विनाविमा! समोरच्याला इजा झाली तर भरपाई मालकाच्या खिशातून. वेळ आली तर जमिनीचा तुकडा विकून. आणि ती शाळकरी पोराच्या हाती दिली असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरी झाली तर

पासिंगच्या गाडीचा माग नंबरावरून लागतो. बिनापासिंगच्या गाडीची आरटीओकडे नोंदच नाही. मग ‘गाडी माझी’ हे दाखवायला उरते ते पक्के बिल. त्यावर चेसिस, मोटर आणि बॅटरी या तिन्हींचे नंबर लिहून घ्यावेत. कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करू नये. गाडीचे आणि नंबरांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत.

हँडल लॉकवर विसंबून भागत नाही. गाडी हलकी, दोन माणसे उचलून टेम्पोत टाकतात. जाड साखळी चाकातून आणि सांगाड्यातून ओवून खांबाला कुलूप घालावे. बॅटरी हा गाडीचा महागडा भाग. ती सुटी निघत असेल तर रात्री घरात घ्यावी.

पासिंगच्या गाडीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी ज्याला आपल्याकडे ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात, तो विमा हवा. चोरी कळताच फिर्याद द्यावी आणि विमा कंपनीला कळवावे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. तपास लागला नाही तर पोलिसांच्या ‘ए समरी’ची प्रत आणि गाडीच्या दोन्ही चाव्या कंपनी मागते. म्हणून दुसरी चावी जपून ठेवावी.

हेल्मेट आणि चार्जिंग

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९. कमी वेगाच्या गाडीला हेल्मेटची सक्ती नाही, म्हणून डोके काही टणक होत नाही. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर आपला वेग विचारत नाही. हेल्मेट आयएसआय छापाचेच घ्यावे. जून २०२१ पासून दुसरे विकायला बंदी आहे. गाडीचा आवाज नसल्याने वस्तीतून जाताना हॉर्न वाजवावा. मागच्या बाजूला लाल रेडियम पट्टी लावावी.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून पासिंगच्या गाड्यांच्या बॅटरीला सुरक्षेचे कडक निकष लागू झाले. तरीही माणसे झोपतात त्या खोलीत, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा गोठ्यात चार्जिंग करू नये. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. सॉकेटला अर्थिंग असावे. कृषिपंपाच्या जोडणीवर चार्जिंग केले तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो.

गावाने काय करावे?

सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. पोलीस पाटलांनी गावातल्या बिनापासिंगच्या गाड्यांची नोंदवही ठेवावी. मालकाचे नाव, बिलाची तारीख, चेसिस नंबर एवढे पुरे. आरटीओची नोंद नसलेल्या गाडीला तो आधार होईल. ग्रामपंचायतीने बाजारतळावर आणि एसटी थांब्यावर साखळी अडकवता येईल असे लोखंडी पाइप रोवावेत. खर्च फार नाही. ग्रामसभेत हा विषय घेता येईल.

गाडी जरूर घ्यावी. पण पैसे मोजण्याआधी प्रमाणपत्र, पक्के बिल, साखळी-कुलूप आणि हेल्मेट या चार गोष्टी हातात असाव्यात. बैल घेताना दात मोजणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.