कोच नको, वस्ताद द्या

आमच्या बीड जिल्ह्यात कोचिंग म्हटलं की एकच अर्थ निघतो. दहावी झाली, बॅग भर आणि लातूरला जा. त्यामुळे गेल्या दिवाळीत अंबाजोगाईला गेलो असताना "आमच्या हापिसात आता मॅनेजर लोकांना कोचिंग लावलंय" असं बोलून गेलो, तर मामा गंभीर झाले. "सगळेच नापास झाले का काय?"

नापास नाही मामा, अडकलेत. बढती थांबलीय, टीम ऐकत नाही, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. अशा साहेबाला कंपनी एक कोच लावून देते. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, व्हिडिओ कॉलवर. कोच सल्ला देत नाही (हे ते लोक अभिमानानं सांगतात), तो फक्त प्रश्न विचारतो. तुला नक्की काय हवंय? सध्या कुठे आहेस? पर्याय काय आहेत? मग काय करणार, आणि कधी? झालं सेशन. बिल कंपनीला.

आता मी काही "हे सगळं थोतांड आहे" असं म्हणणाऱ्यांतला नाही. अडकलेल्या माणसाला कोचचा उपयोग होतो, चांगला होतो. पण ज्यानं तुमचं काम एकदाही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नाही, त्याला कोच म्हणायचं? आणि आपण सगळे शिकलेसवरलेले लोक ते मुकाट्यानं ऐकून घेतो, याचा मला खरा राग आहे.

गंमत म्हणजे हा सगळा प्रकार मैदानावरूनच आलाय. टिमथी गॅल्वी नावाचा एक टेनिस शिकवणारा होता. 1974 मध्ये त्यानं 'द इनर गेम ऑफ टेनिस' लिहिलं. त्याची युक्ती साधी होती. खेळाडूला "रॅकेट अशी धर, तशी धर" सांगण्याऐवजी तो म्हणायचा, चेंडू टप्पा पडला की मोठ्यानं म्हण 'टप्पा', रॅकेटला लागला की म्हण 'फटका'. लक्ष चेंडूवर गेलं की डोक्यातली बडबड थांबते आणि हात आपोआप सुधारतो. पुढे जॉन व्हिटमोर या एकेकाळच्या मोटार शर्यतपटूनं हीच पद्धत कंपन्यांत आणली. 1992 सालचं त्याचं पुस्तक आजही कोच मंडळींचं पाठ्यपुस्तक आहे, आणि वरचे ते चार प्रश्न त्यातूनच पसरले. आता बघा, गॅल्वी प्रश्न विचारत असेल, पण तो कोर्टावर उभा होता! चेंडू त्यालाही दिसत होता. कोर्टावरून कॉन्फरन्स रूममध्ये आणि तिथून लॅपटॉपवर येता येता चेंडू गायब झाला, नुसते प्रश्न उरले.

माझ्या एका मित्राचं उदाहरण देतो. (कंपनी कुठली ते विचारू नका.) चांगला इंजिनियर, मॅनेजर झाल्यावर तीन वर्षं तिथेच रुतलेला. त्याची तक्रार एकच, टीम पुढाकार घेत नाही. कोचबरोबर सहा सेशन झाली आणि सहाही वेळा त्यानं हेच सांगितलं. कोचनं विचारलं, त्याबद्दल तुला काय वाटतं? त्याला वाईट वाटतं, दुसरं काय वाटणार? खरी गोष्ट त्याच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं बसलेल्या कुणालाही दिसली असती. ज्युनियर पोरगी वाक्य पूर्ण करायच्या आत हा उत्तर देऊन मोकळा होतो. कधीच थांबत नाही. पुढाकार घेणार कोण आणि कुठे? पण कोचपुढे बोलणारा माणूस एकच, आणि तो स्वतःच्याच डोळ्यांनी बघितलेलं सांगणार. जे त्याला दिसतच नाही ते तो सांगणार कसं?

वस्ताद असं करत नाही. वस्ताद हौदाच्या कडेला उभा असतो. तुमचा पाय चुकीच्या जागी पडला की तिथल्या तिथे आवाज येतो. कुस्ती संपल्यावर दुसऱ्या दिवशी चहा पीत "त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं" असं विचारणारा वस्ताद अजून माझ्या बघण्यात नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे घ्या. बालाघाटाच्या डोंगरातला, कोरडवाहू मुलुख. वडील पैलवान. पुण्यात रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली तयार झाला. 2011 मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं आणि त्याच वर्षी बिराजदार मामा गेले. पुढे काका पवारांनी त्याला घडवलं. (बिराजदार आणि पवार दोघंही मूळचे लातूर जिल्ह्यातले. म्हणजे बीडच्या पोरांना कोचिंग लातूरचंच!) 2016 चं रिओ ऑलिंपिक हुकलं. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटाच्या फायनलला कॅनडाच्या ताकाहाशीला 15-7 नं हरवून सुवर्ण घेतलं, आणि ते अर्पण केलं बिराजदारांना. माणूस जाऊन सात वर्षं झाली होती. आपल्यापैकी कुणी आपलं प्रमोशन व्हिडिओ कॉलवरच्या कोचला अर्पण करेल का, सांगा.

दुसरा आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. सैन्यात गेला, क्रॉस कंट्री पळायचा. तिथं अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्याला पळताना बघितलं आणि सांगितलं, स्टीपलचेस कर. तू मेहनत वाढव, मानसिकता बदल वगैरे काही नाही. तुझी शर्यतच वेगळी आहे. 2018 मध्ये त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, 2022 ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य, 2023 ला हांगचौला आशियाई सुवर्ण. मधल्या काळात एका परदेशी प्रशिक्षकाकडे गेला होता, ते मानवलं नाही, तर परत अमरीश कुमारांकडे आला. म्हणजे कोच बदलायची मुभा त्याला होती. आपल्याकडे कोच एचआर निवडतं, पैसे एचआर देतं आणि सुरुवातीला 'उद्दिष्टं ठरवायला' तुमचा साहेब त्याच मीटिंगमध्ये बसतो. असा कोच तुम्हाला "तुझी शर्यतच वेगळी आहे, ही नोकरी सोड" असं कधी सांगेल? मग तो कोणासाठी काम करतो?

कुणी म्हणेल, खेळाचं वेगळं, आपलं डोक्याचं काम. बरं, मग डोक्याच्या कामातलं उदाहरण घ्या. अतुल गावंडे, अमेरिकेतले नामांकित सर्जन. वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. सर्जन म्हणून आठेक वर्षं झाल्यावर यांच्या लक्षात आलं की आपली सुधारणा थांबलीय. म्हणजे अगदी आपल्यासारखेच अडकलेले. त्यांनी काय केलं, तर आपल्याला पूर्वी शिकवलेल्या रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावलं. म्हातारा वही घेऊन कोपऱ्यात उभा. गावंडेंना वाटलं होतं ऑपरेशन मस्त झालं. ऑस्टीनच्या वहीत टिपणं भरलेली. कोपर फार वर उचलतोस, दिवा जखमेवरून सरकला होता आणि तुला पत्ता नाही, कापड असं अंथरलंस की समोरच्या मदतनिसाला काम करता येत नाही. यातली एक तरी गोष्ट प्रश्न विचारून बाहेर आली असती का? 2011 मध्ये त्यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये हे सगळं लिहिलं. 'गोपनीयतेमुळे कोचला मीटिंगमध्ये बसवता येत नाही' असं सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, इथे टेबलावर जिवंत पेशंट होता. आणि गूगलच्या एरिक श्मिटचा कोच बिल कॅम्पबेल (हाही मूळचा फुटबॉलचा कोच!) श्मिटच्या स्टाफ मीटिंगमध्ये येऊन बसायचा. गूगलची गुपितं चालतात, आमची चालत नाहीत. असो.

पण इथेच थांबलो तर मीही कोचिंगचा एजंट ठरेन. कारण याच गावंडेंच्या संस्थेनं पुढे उत्तर प्रदेशात एक प्रचंड अभ्यास केला. सरकारी प्रसूती केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट दिली आणि ती पाळली जावी म्हणून आठ महिने कोच पाठवले. खरे कोच, खोलीत उभं राहून बघणारे. 120 केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निकाल 2017 च्या शेवटी आले. दोन महिन्यांनी, जिथे कोच होते तिथे आवश्यक गोष्टी 73 टक्के पाळल्या जात होत्या, जिथे नव्हते तिथे 42. कोच गेल्यावर चार महिन्यांनी 73 चे 62 झाले. आणि माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडे जवळपास सारखी. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. हात धुण्याची सवय कोच लावू शकतो, नसलेलं रक्त, नसलेला डॉक्टर आणि दूरचं मोठं हॉस्पिटल कोच आणू शकत नाही.

आता हेच आपल्या हापिसाला लावा. आठ माणसांचं काम पाच माणसांत करणारा मॅनेजर अडकतो. डेडलाइन विक्री विभागानं परस्पर कबूल केलेली असते. त्याला कंपनी कोच देते, कारण तीन माणसं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि वर असं ठसवलं जातं की अडथळा तुझ्या आत आहे. गाडी चिखलात रुतलीय आणि आपण ड्रायव्हरला श्वास मोजायला लावतोय! आवारेला वस्तादानं डाव शिकवला, ऑलिंपिकचं निवडपत्र वस्ताद देऊ शकला नाही. कुणी त्याला "तुझ्या आतला अडथळा शोध" म्हटलं असतं तर पाटोद्यात काय उत्तर मिळालं असतं ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणून खरा कोच आधी आठवडाभर नुसता बघेल. कोपर वर जातंय की दिवाच सरकलाय, हे ठरवेल. दिवा सरकला असेल तर तुमच्या साहेबाला तोंडावर सांगेल.

आमच्या हापिसात मी हे लेखी मागितलंय. पुढच्या कोचनं निदान दोन रिव्ह्यू मीटिंगांना मागच्या खुर्चीत बसावं, बोलू नये, वही आणावी. उत्तर आलं की सध्याच्या करारात ते बसत नाही. करार कोणी केला म्हणून विचारलंय. त्या मेलला तीन आठवडे झाले.