बॅटरीची नेल गन : फायदा कोणाचा?

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने खिळ्यांच्या बंदुकीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण त्याला कारण आमच्याच दुकानात घडले. मागच्या रमजानच्या आधी आम्ही जुने रॅक काढून नवे बसवून घेतले. सीझनच्या तोंडावर दुकान एक दिवस बंद राहिले तर काय होते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. मिस्त्रींनी चार दिवस सांगितले होते. त्यांनी नव्यानेच घेतलेली बॅटरीची नेल गन आणली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम आटोपले. आम्ही खूश होऊन तीन दिवसांची मजुरी त्यांच्या हातावर ठेवली. रात्री वही लिहायला बसलो तेव्हा हिशेब ध्यानात आला. गन मिस्त्रींच्या पैशाची, चौथ्या दिवसाची विक्री आमची, आणि मिस्त्रींचा मात्र एक दिवसाचा रोज बुडाला.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, जो कारागीर रोजावर काम करतो त्याने ही गन घेण्याची घाई करू नये. घ्यायचीच असेल तर आधी रोज सोडून मापावर काम धरावे. रॅक आणि कपाट चौरस फुटाने, काउंटर आणि बीडिंग पट्टी फुटाने. मापावर काम असेल तर वाचलेला वेळ कारागिराचा, रोजावर असेल तर मालकाचा. मालकाच्या बाजूला बसून आम्ही हे लिहीत आहोत, तेव्हा यात आमचा स्वार्थ शोधू नये.

दुसरे असे की, ही वस्तू प्रत्येक सुताराच्या कामाची नाही. ज्याचा स्वतःचा कारखाना आहे, दिवसभर एकाच जागी काम चालते, त्याला कंप्रेसर आणि हवेवरची गन हीच बरी. ती गन किलो-सव्वा किलोची, बॅटरीची मात्र अडीच-तीन किलोपर्यंत जाते. दिवसभर हात वर करून छताची पट्टी मारणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो. शिवाय चांगल्या कंपनीची बॅटरी गन महागही पडते. तिचा खरा उपयोग गिऱ्हाइकाच्या घरी किंवा दुकानात, जिथे तिसऱ्या मजल्यावर कंप्रेसर चढवायचा, पाइप ओढायचा, वीज गेली की बसून राहायचे, आणि त्या आवाजाने शेजारी भांडायला यायचे. आमच्या दुकानावर वर बिऱ्हाड आहे. कंप्रेसर असता तर रात्रीचे काम होऊच शकले नसते.

घेताना पहिली चौकशी बॅटरीची करावी. आपल्याकडे ज्या कंपनीचे बॅटरीचे ड्रिल आधीपासून आहे, शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच जातीची गन घ्यावी, म्हणजे बॅटरी आणि चार्जर दोन्ही एकमेकांना चालतात. आमच्या मिस्त्रींनी इथेच चूक केली. दुकानदाराने 'ही २० व्होल्टची, तुमच्या १८ पेक्षा जोरदार' असे सांगून दुसऱ्या कंपनीची गळ्यात मारली. वास्तविक दोन्ही एकच. आत पाच सेल असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचा धरला तर १८ होतात. नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे ४ व्होल्ट धरले की तेच २० होतात. कापडाचा पन्हा किनार धरून सांगायचा की सोडून, तसा हा प्रकार. आपल्या धंद्यात हे कळते, दुसऱ्याच्या धंद्यात आपण फसतो. आता मिस्त्रींच्या पेटीत दोन चार्जर आणि एकमेकींना न चालणाऱ्या बॅटऱ्या आहेत. बॅटरी किती वेळ पुरेल हे व्होल्टवर नाही, अँपिअर-अवरवर बघावे. दोनपेक्षा चारची दुप्पट पुरते, पण वजनही वाढते. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नये.

गॅसच्या नळकांडीवर चालणाऱ्या गनही असतात. पासलोड या अमेरिकन कंपनीने तशी गन १९८६ मध्ये बाजारात आणली होती. तिला बॅटरीही लागते आणि गॅसही, आणि नळकांडीची मुदत संपते. आपल्या गावात नळकांडी कायम मिळते का, हे विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

खिळ्यांचा नंबर सुताच्या काउंटसारखा उलटा चालतो. साठ नंबरचे सूत वीसपेक्षा बारीक, तसा १८ गेजचा खिळा १६ पेक्षा बारीक. २३ गेजची तर बिनडोक्याची पिन असते, नाजूक पट्टी चिकट सुकेपर्यंत धरण्यापुरती. प्लाय, बीडिंग आणि कपाटाची मागची फळी यांना १८ गेज पुरतो आणि पहिली गन त्याचीच घ्यावी. चौकटीला पट्टी मारणाऱ्याला १६ लागतो. मात्र हे बारीक खिळे वजन पेलत नाहीत. जोड धरतो तो फेव्हिकॉल, खिळा फक्त तो सुकेपर्यंत हलू देत नाही. कापडाच्या थानांचे ओझे ज्या फळीवर पडणार तिथे आणि बिजागरीला स्क्रूच पाहिजे. गन हातात आली की स्क्रूचा कंटाळा येतो, आणि सहा महिन्यांनी फळी खाली येते. गिऱ्हाईक मग गनला नाही, मिस्त्रीला बोलते.

आता जे सांगायला संकोच वाटतो ते. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींचा शागीर्द, सतरा-अठराचा मुलगा, एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने गन चालवत होता. खिळा लाकडाच्या गाठीवर बसला, वळला आणि बाजूने निघून त्याच्या बोटात घुसला. हाड वाचले. आम्ही त्याला दवाखान्यात नेले, पण काम लवकर उरका अशी सकाळपासून आमचीच पाठ होती, हेही खरे.

पट्टी हाताने धरायची तर खिळ्याच्या जागेपासून हात एक फूट लांब हवा. पट्टी तेवढी लांब नसेल तर शिकंजा लावावा. घोडा दोन प्रकारचा असतो. एकात प्रत्येक खिळ्याला आधी तोंड टेकवायचे आणि मग घोडा ओढायचा. दुसऱ्यात घोडा दाबून धरला की तोंड जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. अमेरिकेतील ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत या दुसऱ्या प्रकाराने इजेचा धोका दुप्पट होतो असे म्हटले आहे. त्या देशात नेल गनमुळे वर्षाला सुमारे ३७ हजार माणसे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात येतात, असेही तिथे नोंदवले होते. काही गनमध्ये दोन्हींची निवड करता येते, ती पहिल्यावरच ठेवावी आणि नव्या पोराच्या हातात दुसरी देऊच नये. खिळा अडकला तर आधी बॅटरी काढावी, मग तोंड उघडावे. डोळ्यांवर चष्मा मारणाऱ्याने लावावा आणि शेजारी उभ्या असलेल्यानेही.

बुडालेल्या दिवसाचे पैसे आम्ही ईदनंतर मिस्त्रींना दिले. आधी ते घेईनात. वरच्या पोटमाळ्याचे काम आता चौरस फुटाने ठरले आहे. त्यांनी सांगितलेला दर आम्हाला जास्त वाटला, आम्ही नेहमीप्रमाणे घासाघीस केली, पण ते एक रुपया खाली आले नाहीत. शागीर्द अजून त्यांच्याकडेच आहे. त्याने चष्मा घेतला आहे, तो बहुतेक वेळ कपाळावर असतो.