तिकीटखिडकीपलीकडचे स्थानक

हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात दिल्ली-रेवाडी लोहमार्गावर ताजनगर हे छोटे स्थानक आहे. वर्षानुवर्षे मागणी करूनही निधी मिळेना, तेव्हा ग्रामस्थांनी वीस लाखांहून अधिक वर्गणी जमवून ते स्वतःच उभारले. जानेवारी २०१० मध्ये तेथे गाडी थांबू लागली. तेलंगणातील नेकोंडा गावच्या नागरिकांनी तर एका एक्स्प्रेसचा प्रायोगिक थांबा टिकावा म्हणून प्रवास न करताही तिकिटे विकत घेतली. अशा लोकसहभागाचे कौतुक होते. पण गावात गाडी थांबावी यासाठी नागरिकाने रिकाम्या आसनाचे पैसे का मोजावेत, हा प्रश्न मागेच राहतो.

या प्रश्नाच्या मुळाशी मोजमापाची पद्धत आहे. थांब्याची उपयुक्तता तेथील तिकीटविक्रीवरून ठरवली, तर शहरातून परतीचे तिकीट काढून गावी उतरणारा प्रवासी हिशेबात येतच नाही. शिवाय तिकीटविक्री वेळापत्रकावर अवलंबून असते. महाविद्यालय सुरू झाल्यावर पोहोचणारी किंवा बाजार उठल्यावर येणारी गाडी रिकामीच धावणार. आधी गैरसोयीची वेळ द्यायची आणि मग प्रवासी नाहीत म्हणून थांबा काढायचा, हा न्याय नव्हे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हे प्रकर्षाने जाणवले. सेवा पूर्ववत होताना अनेक पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस वा ‘विशेष’ म्हणून धावू लागल्या, किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले आणि कित्येक लहान थांबे वगळले गेले. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस भाडे पूर्वीच्या पातळीवर आले. पण सगळे थांबे परतले नाहीत.

प्रत्येक थांब्यासाठी वेळ आणि ऊर्जा खर्ची पडते, गजबजलेल्या मार्गांवर मालगाड्या खोळंबतात आणि प्रवासी वाहतुकीची तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरावी लागते, हा रेल्वेचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र त्याची ऐतिहासिक चौकट आता बदलली आहे. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला, तो रेल्वेने व्यापारी तत्त्वावर चालावे म्हणून. २०१७ मध्ये तो पुन्हा सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि सरकारला लाभांश देण्याचे बंधनही संपले. २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून बांधलेल्या रस्त्याला आपण रोजची कमाई विचारत नाही. मग त्याच गावच्या स्थानकाला ती का विचारावी?

याचा अर्थ प्रत्येक गावी प्रत्येक गाडी थांबावी, असा नाही. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये सुचवल्याप्रमाणे सामाजिक सेवेचा खर्च स्वतंत्रपणे मांडून तो सरकारी तिजोरीतून द्यावा. थांबा रद्द करण्यापूर्वी जाहीर सूचना काढून जिल्हा प्रशासन व ग्रामपंचायतींचे म्हणणे ऐकावे. चढणाऱ्यांबरोबर उतरणारेही मोजावेत आणि निर्णयाआधी सोयीच्या वेळेची गाडी किमान वर्षभर चालवून पाहावी.

अमृत भारत योजनेत तेराशेहून अधिक स्थानकांचा कायापालट होत आहे. ते स्वागतार्ह आहे. देशातील स्थानके मात्र सात हजारांहून अधिक आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेकांना संगमरवर नको. वेळेवर येणारी आणि थांबणारी गाडी हवी.