कलम तेरा आणि रिकामी खुर्ची

राजूर (जि. यवतमाळ) : प्रसार भारतीच्या अध्यक्षपदावरून ए. सूर्यप्रकाश फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवनीतकुमार सहगल आले ते मार्च २०२४ मध्ये. मधली चार वर्षे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या महामंडळाला अध्यक्षच नव्हता. २०२२ च्या मध्यात तर काही महिने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीही नव्हता, अतिरिक्त कार्यभारावर काम भागवले गेले. आणि हा काळ काही निवांत नव्हता. करोनाची टाळेबंदी याच काळातली. शाळांना कुलूप लागल्यावर मुलांना रेडिओ-टीव्हीवरून शिकवायचे प्रयत्न झाले तेही तेव्हाच. गावोगावचे दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले तेही तेव्हाच. तो शेवटचा निर्णय बरोबरही असेल. फ्री डिश घरोघर पोचल्यावर त्या मनोऱ्यांना वीज पुरवत बसण्यात फारसा अर्थ उरला नव्हता. पण त्याचा जाब विचारायचा तर कोणाला, या प्रश्नाला चार वर्षे उत्तर नव्हते. तालुक्याला तहसीलदार नसला तर पंधरा दिवसांत निवेदने सुरू होतात. इथे देशाच्या सार्वजनिक प्रसारणाचे पहिले पद रिकामे होते आणि चार-दोन बातम्यांपलीकडे कोणाला त्याची झळ लागली नाही. याचे कारण लोकांच्या उदासीनतेत शोधण्यापेक्षा नेमणुकीच्या पद्धतीत शोधावे असे मला वाटते. नेमणूकच बंद दाराआड होत असेल, तर न झालेली नेमणूक दिसणार कोणाला?

दार उघडे ठेवता येते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. वेल्स हा त्या देशाचा पश्चिमेकडचा भाग. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्येच साडेसत्तावीस लाखांच्या पुढे होती, म्हणजे वेल्समधले हे वेल्शभाषक आपल्या एका जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. त्यांच्यासाठी एस-फोर-सी ही स्वतंत्र सार्वजनिक वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली, तीही सुखासुखी नव्हे. सरकारने दिलेला शब्द फिरवल्यावर ग्विनफोर एव्हान्स या वेल्श नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा थॅचरबाईंचे सरकार नमले. आज या वाहिनीचा अध्यक्ष लंडनचे सरकारच निवडते, पण निवडलेल्या उमेदवाराला पद मिळण्याआधी ब्रिटिश संसदेच्या वेल्श व्यवहार समितीपुढे बसावे लागते. खासदार विचारतात, उमेदवार उत्तरे देतो, समिती आपले मत लेखी कळवते आणि हे सगळे प्रसिद्ध होते. त्यासाठी वेगळा कायदा नाही, २००७ नंतर पडत गेलेला हा प्रघात आहे. मत बंधनकारकही नाही.

आपल्याकडे कायदा आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अध्यक्ष आणि सदस्य राष्ट्रपती नेमतात, तिघांच्या समितीच्या शिफारशीवरून. त्यात राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नामनियुक्त केलेली एक व्यक्ती. तिसऱ्या जागेवर माहिती व प्रसारण खात्याचा सचिव बसलेला आपण पाहिला आहे; म्हणजे ज्या खात्यापासून स्वायत्तता हवी म्हणून कायदा केला, त्याच खात्याचा वरिष्ठ अधिकारी निवड करायला. लोकसभेचा एकही सदस्य या समितीत नाही, विरोधी पक्षनेता नाही. कायदा करणाऱ्यांना ही उणीव दिसली नव्हती असे मात्र नाही. त्यांनी तेरावे कलम घातले. २२ खासदारांची समिती, त्यातले १५ लोकसभेने आणि ७ राज्यसभेने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने निवडून द्यायचे, आणि महामंडळ कायद्याप्रमाणे वागते की नाही यावर त्यांनी लक्ष ठेवायचे. कायदा अमलात आला १९९७ मध्ये. तेव्हापासून काँग्रेस, भाजप आणि तिसरी आघाडी, सगळ्यांची सरकारे येऊन गेली. ही समिती एकानेही स्थापन केली नाही. चौदाव्या कलमातली, श्रोत्यांच्या तक्रारी ऐकायची प्रसारण परिषदही तशीच कागदावर राहिली. सत्तेवर नसताना दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी कंठशोष करणारे सत्तेवर आल्यावर या दोन कलमांना हात लावत नाहीत, हे सर्वपक्षीय एकमत दुर्मिळच म्हणायचे.

समिती नसली की काय होते, ते पहिल्या दोन वर्षांतच दिसले. पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून एस. एस. गिल यांना आणायचे होते. त्यांचे वय कायद्याच्या मर्यादेत बसेना, तेव्हा १९९७ मध्ये अध्यादेश काढून मर्यादाच उठवली. पुढच्या वर्षी सरकार बदलले, सुषमा स्वराज माहिती व प्रसारण मंत्री झाल्या, आणि पुन्हा अध्यादेश निघून मर्यादा परत आली. गिल घरी गेले. गिल हे काही सोम्यागोम्या नव्हते; दूरदर्शनवर ‘हम लोग’ आले तेव्हा ते खात्याचे सचिव होते. नेमणूक योग्य होती की नाही हा वेगळा विषय. पण एका माणसाला आत घ्यायला एक अध्यादेश आणि बाहेर काढायला दुसरा, ही संस्था उभारायची रीत नव्हे. गिल यांच्या नेमणुकीच्या अडीच-तीन वर्षे आधी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला होता. तो लिहिणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आणि पुढे वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून प्रसार भारतीच्या पहिल्या मंडळाच्या निवडीत कायद्याने त्यांचे स्थान होते. इतका नामी योग असूनही ती निवड कोणत्या कसोटीवर झाली, कोणाला काय विचारले, हे श्रोत्यांना कळायची सोय नव्हती. समितीतला माणूस कितीही मोठा असो, बैठक बंदच.

आता जवळचे आणि मराठी उदाहरण. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे द्यायचा आदेश निघाला. पुण्याहून सकाळच्या मराठी बातम्या ऐकणारा मोठा वर्ग पश्चिम महाराष्ट्रात आहे. ओरड झाली, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, नेतेमंडळींनी केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांच्याशी संपर्क साधला आणि काही दिवसांतच स्थगिती मिळाली. पुणेकरांचे अभिनंदन. पण या घटनेकडे विदर्भातून पाहिले की वेगळेच दिसते. आदेश निघाला तेव्हा महामंडळाला अध्यक्ष नव्हता. आदेश थांबला तो महामंडळाच्या मंडळाने फेरविचार केला म्हणून नव्हे, मंत्र्याने सांगितले म्हणून. म्हणजे कायद्याने स्वायत्त असलेल्या संस्थेचा निर्णय मंत्र्याच्या एका शब्दावर फिरला आणि आपण त्याबद्दल त्याचे आभार मानले. असा शब्द टाकायला दिल्लीत वजन लागते. पुण्याकडे ते आहे. नागपूर केंद्राच्या बाबतीत उद्या असाच आदेश निघाला तर कदाचित तेही जमेल. यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या आकाशवाणीच्या वेळी कोण फोन करणार?

यावर एक उत्तर नेहमी मिळते, की दिल्लीत आपली माणसे असली की झाले. माहिती व प्रसारण खात्यात तर मराठी माणसांची कधी वाण नव्हती. वसंतराव साठे यांच्या कारकिर्दीत रंगीत दूरदर्शनचा निर्णय झाला, आणि साठे तर आपल्याच विदर्भातले. एन. के. पी. साळवे, वि. ना. गाडगीळ, प्रमोद महाजन, प्रकाश जावडेकर यांनीही हे खाते सांभाळले. यांच्यातल्या काहींनी मराठीसाठी मनापासून कामे केली असतील. पण मंत्री आपला असणे ही मेहेरबानी, हक्क नव्हे, आणि मंत्रिमंडळाच्या पुढच्या खांदेपालटात ती संपते. तेराव्या कलमाची समिती मात्र निवडून आलेल्या २२ जणांची, सर्व पक्षांची, नोंदी ठेवणारी. शिवाय साठे, गाडगीळ यांच्या काळात दूरदर्शन हे उघडउघड सरकारी खातेच होते. स्वायत्ततेचा कायदा झाल्यावरही आपण त्याच वाटेने दाद मागायला जातो, हे त्या कायद्याचे अपयश आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. खासदारांनी प्रश्न विचारले तरी सरकार हवे तेच करणार, मग हा देखावा कशाला? ब्रिटनमध्येच २०१६ साली शाळा तपासणी यंत्रणेच्या प्रमुखपदासाठी अमांडा स्पीलमन यांच्या नावाला संसदेच्या शिक्षण समितीने विरोध केला होता, तरी मंत्र्यांनी त्यांनाच नेमले. खुद्द एस-फोर-सीमध्ये २०२३ साली कर्मचाऱ्यांना दमदाटीच्या तक्रारींवरून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला काढावे लागले. सुनावणीने माणसाची परीक्षा होते, भविष्याची हमी मिळत नाही. हे मान्य. तरीही नोंदलेल्या विरोधाचे मोल कमी लेखू नये. केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणून २०१० मध्ये पी. जे. थॉमस यांना नेमताना तिघांच्या समितीत विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी विरोध केला आणि तो कागदावर आणला. त्या दोन मतांविरुद्ध एक होत्या, नेमणूक झालीच. पण मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. विरोधाची जागाच नसती तर हे प्रकरण तितके पुढे गेले असते का, याची मला शंका आहे. दक्षता आयुक्त, माहिती आयुक्त, सीबीआय संचालक, या सगळ्यांच्या निवडीत विरोधी पक्षनेता बसतो. रोज कोट्यवधी लोकांच्या कानाशी बोलणाऱ्या यंत्रणेचा प्रमुख त्यांच्यापेक्षा कमी महत्त्वाचा का मानावा?

कोणी म्हणेल, संसदेची माहिती तंत्रज्ञान विषयक स्थायी समिती आहेच, ती प्रसार भारतीच्या अधिकाऱ्यांना बोलावते. बोलावते, पण मुख्यतः अनुदानाच्या मागण्या आणि कामकाज तपासायला. नेमणुकीआधी उमेदवाराचा आणि तिचा संबंध येत नाही. अशी उलटतपासणी झाली तर चांगली माणसे पुढे येणार नाहीत, हाही एक युक्तिवाद असतो. तासभर प्रश्नांना सामोरे जायची ज्याची तयारी नाही, त्याने स्वायत्त संस्थेचा प्रमुख होऊन सरकारशी झगडावे ही अपेक्षा कशी करायची, एवढेच त्यावर म्हणता येईल. उलट कायदाच इथे सुनावणीची गरज सांगतो. सातव्या कलमाने अध्यक्षाला किंवा पूर्णवेळ सदस्याला गैरवर्तनावरून काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. स्वायत्ततेसाठी ते योग्यच आहे. २०१० च्या अखेरीस राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या प्रक्षेपणावरून तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. एस. लाली यांना निलंबित करताना ही वाट किती लांबची आहे ते दिसले. बाहेर काढणे इतके अवघड असलेल्या पदावर माणूस पारखून घ्यायचा तो आत येतानाच.

पारखायचे कशावर, ते यवतमाळ जिल्ह्याला विचारावे. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, बोंडअळीचा धसका, औषधे एकात एक मिसळलेली, अंगावर साधा सदरा आणि तोंडाला फार तर दुपट्टा. त्या आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ मराठीतून, आणि झरी-मारेगावच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) कोलामीतून, फवारणीचा साधा इशारा रेडिओवर पुन्हा पुन्हा देणे हे सार्वजनिक प्रसारणाचे पहिले काम. खासगी वाहिनीला त्यात जाहिरात मिळत नाही. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते, मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास, आणि ती भाषा, गोंडीसारखीच, आठव्या अनुसूचीत नाही. प्रमुखपदाच्या उमेदवाराला विचारायला हवे : असे संकट आले तर जिल्हा केंद्राला स्वतःचे कार्यक्रम बदलायचा अधिकार तुम्ही देणार की दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायला लावणार? अनुसूचीबाहेरच्या भाषांसाठी किती तास? तात्पुरत्या नेमणुकीवरचे निवेदक वर्षानुवर्षे तसेच का? सह्याद्री वाहिनीचा प्रमुख बदलीने येतो आणि बदलीने जातो, त्याचीही सुनावणी घ्या असे मी म्हणत नाही, एवढ्या सुनावण्या घेतल्या तर कामच थांबेल. पण त्याला नेमणाऱ्याला हे प्रश्न नेमणुकीआधी विचारले गेले, तर उत्तरे नंतर त्याच्यासमोर धरता येतात.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. समिती कायद्यात आहेच, ती फक्त निवडायची आहे, आणि उमेदवाराला तिच्यासमोर बसवायचा प्रघात एका सरकारने पाडला की पुरे. लोकसभेच्या ५४३ पैकी ४८ जागा महाराष्ट्राच्या. त्या हिशेबाने १५ पैकी एखादी-दुसरी जागा आपल्या वाट्याला येईल, म्हणून समितीला भाषावार उपसमित्या कराव्या लागतील. वेल्सचे काम वेल्सच्या विषयांना वाहिलेली समिती पाहते ते याच कारणाने. राजूर वणी विधानसभेत येते आणि वणी चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात. त्या मतदारसंघाच्या खासदाराला यासाठी आंदोलन करावे लागणार नाही, एक तारांकित प्रश्न पुरेल : प्रसार भारती कायद्याच्या कलम १३ खालील समिती १९९७ पासून का स्थापन झाली नाही, आणि कधी होणार? मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागेल, त्यावर पूरक प्रश्न विचारता येतील, आणि दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला संसदेची आश्वासन समिती आहे. ती मात्र खरोखर अस्तित्वात आहे.